लाल डब्याचा राक्षस

मोहिनी अहिरेच्या उजव्या हाताच्या नखांना एकवीस वर्षं लाल रंग आहे, आणि तो नेलपॉलिशचा नव्हे. अंबडच्या एका कारखान्यात ती ट्रॅक्टरच्या ब्रेकचे सुटे भाग तपासते. हातात गेज, म्हणजे दोन टोकांची पोलादी कांडी. भागाच्या भोकात एक टोक सहज जायला हवं, दुसरं जाताच कामा नये. गेलं, की मोहिनी त्या भागावर लाल फराटा ओढून तो लाल डब्यात टाकते. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, तो भाग बाहेर निघत नाही. देवळ्याची पोर, आयटीआय शिकलेली. नवरा गेल्यावर दोन मुली याच कांडीवर शिकवल्या. तोंडाने फटकळ, का असू नये?

त्या सोमवारी कंपनीने सगळ्यांच्या हाती टॅब दिले. आरोही नावाच्या नव्या, हुशार मुलीने प्रशिक्षणासाठी खेळ बनवला होता. सुटे भाग टुणटुण उड्या मारत गाडीकडे पळतात. वाटेत एक शिंगवाला राक्षस त्यांना धरून लाल डब्यात कोंबतो. जितके भाग वाचवाल तितके गुण. साठच्या खाली आलात, तर तपासणीच्या टेबलावरून उठून पॅकिंगला जायचं.

"मावशी, हा तर तुमचाच फोटो!" शेजारच्या टेबलावरचा दीपक ओरडला. "नखं बघा, नखं!"

सगळे हसले. मोहिनीने चष्मा लावून टॅब डोळ्यांजवळ धरला. राक्षसाकडे नाही, ती पळणाऱ्या भागांकडे बघत होती.

"आरोही, या भागांचे फोटो कुठून घेतलेस गं?"

"लाल डब्यातून, मावशी. चांगले भाग लगेच पॅक होतात ना, मग फोटोला हेच सापडले."

"आणि माझा रंग?"

"तो... कॉम्प्युटरवर पुसला."

"पुसलास! म्हणजे एकूण एक भाग खराब, आणि आम्ही ते वाचवायचे? अगं, कांद्याने भरलेला ट्रॅक्टर भावडबारीचा घाट उतरतो तेव्हा ड्रायव्हर कुणाच्या जिवावर बसलेला असतो? तुझ्या या शिंगवाल्याच्या! सगळ्या खेळात शुद्धीवर असलेला तो एकटा आहे."

तिने टॅब टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली. राक्षस एकेक भाग धरून डब्यात टाकत गेला. "शाब्बास," मोहिनी म्हणाली. "तोही धर. सोडू नकोस."

पडद्यावर शून्य उमटलं. सुपरवायझर काळे घसा खाकरत पुढे आले. "मोहिनीताई, पुन्हा खेळा. पोरखेळ तर आहे. साठ आणा नि सुटा."

"पोरखेळ आहे तर टेबल कशाला काढता?"

"नियम आहे. उद्यापासून पॅकिंग."

"जाते की. शून्य लिहा, ठळक लिहा. खराब माल पळवून मला गुण नकोत."

आरोही मान खाली घालून उभी होती. मोहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि गेज आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकलं.

मंगळवारी सकाळी पॅकिंगच्या टेबलाखाली लाल डबा होता. तिने स्वतःच ओढत नेला होता. पेटी बंद करण्याआधी ती एकेक भाग काढून कांडीवर चढवत होती, आणि आरोही शेजारी रंगाची डबी धरून उभी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्यात अकरा भाग पडले. सगळे दीपकने पास केलेले.

काळे आले, डब्यात बघून थबकले.

"बघता काय," मोहिनी म्हणाली, "शिंगं शोधताय?"