मायाक्काची पालथी होडी

खरं सांगा, उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्ष्यांचा थवा मान खाली घालून चरताना दिसला, की तुम्ही होडीवाल्याला काय म्हणता? ‘उडव की जरा, फोटो पाहिजे.’ म्हणता ना? नाही म्हणू नका. करमाळ्याच्या काठावर मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं तरी माझं डोकं तापतं.

मायाक्का मात्र तापत नाही. ती धनगराची, पन्नाशी ओलांडलेली. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की गाळावर गवत येतं, तिथं ती लग्न झाल्यापासून मेंढरं चारायला यायची. गुडघे बोलायला लागले तेव्हा मेंढरं लेकाच्या हाती दिली आणि जुनी होडी घेतली. काठावर पर्यटकांना फिरवणाऱ्या अकरा होड्या, सगळ्या पुरुषांच्या. ते हसले.

“आक्का, मेंढरास्नी पवायला शिकवणार काय?”

“आदी तुमाला शिकवते,” ती म्हणाली. “मेंढरं लवकर शिकतात.”

तिच्या होडीत बसलात की कळतं. बाकीचे इंजिन फडफडवत थव्यात घुसतात. ती लांबच इंजिन बंद करते, बांबू हातात घेते आणि थव्याकडं सरळ जातच नाही. तिरकी जाते, जणू तिचं काम भलतीकडंच आहे. वाटेत चिलापी माशांची जाळी ओढणारे दिसतात, बुडालेल्या बाभळीवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे दिसतात, ती तिकडंच बघत राहते. मी विचारलं तर म्हणाली, “चरत्या कळपावर सरळ चालून गेलं की कळप बुजतो. मेंढरू काय न् पाखरू काय, आपून त्येंच्याकडं बघतोय हे त्येंना कळतंय की.” माना वर झाल्या, सगळी तोंडं एकीकडं वळली, की बांबू गाळात रोवून थांबायचं. माना खाली गेल्या की पुन्हा हात-दोन हात. असं करत ती तुम्हाला इतकं जवळ नेते की चोचीतून पाणी गाळल्याचा आवाज येतो.

मी चळवळीतली, म्हणून होडीवाल्यांचा गट झाला तेव्हा अर्ज मी लिहिले, बैठकीत भांडले मी. नियम सुचवला तिनं. ज्याच्या होडीमुळं थवा उडेल, त्याची होडी आठ दिवस काठावर पालथी. दुसऱ्यांदा उडवला, तर फेऱ्यांमधला नंबर कायमचा रद्द. गटाचा अध्यक्ष धनाजी म्हणाला, “आक्का, नियम तुलाबी लागंल.” ती म्हणाली, “मग काय, दुसऱ्यांनाच लावायचा का?”

गेल्या जानेवारीत, ऐन गर्दीच्या आठवड्यात, जुळे सोलापूरचे एक आदिनाथ साहेब आले. लेन्स माझ्या हाताएवढी. मीही होडीत होते. मायाक्कानं अर्धा तास खपून होडी थव्याच्या कडेला लावली आणि साहेब कुजबुजले, “मावशी, इंजिन मारा की. उडताना पाहिजेत.”

“खात्यात ती.”

“नंतर खातील की. मी सोलापुरातून उगाच आलो का?”

“तुमी जेवताना कुणी पाट वडला तर?”

साहेबांनी लेन्स मांडीवर टेकवली. मग हळूच त्यांनी हात वर केले, टाळी वाजवायला. मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. उठून उभी राहिले आणि त्यांच्यावर अशी ओरडले की काठावरचं कुत्रंही भुंकलं. टाळी वाजलीच नाही. पण पाचशे पक्षी एकदम उठले. गुलाबी पंखांनी सगळं आभाळ भरलं, आणि साहेबांना पाहिजे तो फोटो मिळाला. माझ्यामुळं.

मायाक्का माझ्याकडं वळली. “ताई, तुमचा आवाज मोर्चाचा हाय. हितं कशाला आणला?”

आसपास दुसरी होडी नव्हती. कुणी पाहिलं नव्हतं. काठाला लागल्यावर ती सरळ धनाजीकडं गेली. “माज्या होडीनं थवा उडाला. लिवून घे.”

मी मध्ये पडले. दोष माझा आहे, साहेबांचा आहे, हिला शिक्षा कशाची? धनाजीलाही नको होतं. तो म्हणाला, “आक्का, कुणी बघितलं न्हाई. ऱ्हाऊ दे की.”

“पाखरांनी बघितलं.”

“पण वरडल्या त्या ताई.”

“होडी कुणाची? माजी. होडीत कोन बसवायचं, त्येला गप कसं ठेवायचं, ते बी माजंच काम. आज मला सोडलंस तर उद्या ह्या अकरा जणांतला एक बी नियम ऐकायचा न्हाई.”

धनाजीनं लिहिलं. मायाक्कानं स्वतःच होडी ओढली, चौघांना हाका मारून पालथी घातली आणि आठ दिवस तिच्या सावलीत जाळी शिवत बसली. ज्यांनी तिला हसून घेतलं होतं ते त्या आठवड्यात इंजिन लांबच बंद करायला लागले. एकजण तर तिरका जायलाही शिकला. चुकतो अजून, पण जातो.

मी आयुष्यभर नियमांसाठी भांडले. नियम स्वतःवर असा ओढून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि हे लिहिताना मला माझी लाजही वाटते.

आता होडी पुन्हा पाण्यात आहे. पण गटाच्या वहीत तिच्या नावापुढं एक खूण पडलीय, ती माझ्या तोंडामुळं. दुसरी पडली तर नंबर जाईल, आणि मायाक्का ती खूण लपवणाऱ्यातली नाही. तेव्हा तिच्या होडीत बसाल तर टाळी नको, शिट्टी नको, मुलांना दम देणंही नको. शेजारचा कितीही चुकत असला तरी त्याच्यावर ओरडू नका. काठाला लागल्यावर त्याला काय बोलायचं ते बोला, हवं तर मलाही बोलवा. पाण्यात मात्र, हात जोडते, गप्प बसा.