पिस्तुलावरचा अर्धा टिळा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली, पण त्या पिस्तुलावरचा अर्धा टिळा अजून लख्ख दिसतो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. दहावीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून इकडं आलो आणि या मुलखानं सांभाळून घेतलं. तेव्हा मी शिरूरला सहायक फौजदार होतो. न्हावऱ्यात एका बागायतदाराच्या वाढदिवसाला कुणीतरी गोळी झाडली. ती शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी थापणाऱ्या बाईच्या दंडात घुसली. बाई वाचली, पण झाडली कुणी ते गावात कुणी बोलेना.

बागायतदाराकडं परवान्याचं पिस्तूल होतं. दांडगं मॅग्नम, हातात घेतलं की मनगट भरून यावं असं. पण दंडातून निघालेली गोळी त्याच्या नळीपेक्षा बारीक होती. "माझ्यातनं ही उडंल कशी, साहेब?" एवढं म्हणून तो मोकळा झाला.

मग फोनवर खबर आली, की वाढदिवसाला दौंडचा एक लेथवाला होता, तो गावठी कट्टे बनवतो. त्याला उचलला. पिशवीत लोखंडी नळीचे तुकडे सापडले.

"पंपाचे बुश हायत, साहेब. मालकांनीच मोटर दुरुस्तीला बोलावलं होतं." चौकशीत खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. याची गोष्ट होती तशीच राहिली. बाहेर त्याचे वडील डबा घेऊन बसलेले. मुलाला रेल्वेच्या ठेक्यात नुकतं काम लागलं होतं. हत्याराचा गुन्हा लागला की ते गेलंच. मी विचारलं, "चाचा, जेवलात का?"

"तो जेवला का, ते आधी सांगा."

त्याच्यावर कलम लावायचं जवळजवळ ठरलं होतं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण हातात काहीच नव्हतं.

तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली. अशा वेळी परवानाधारकांनी आपली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. बागायतदारानंही आणून दिलं. नंबर पडताळताना पिस्तुलाच्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट दिसलं. गोळीबारानंतर मधे दसरा होऊन गेलेला. कुंकू नळीच्या सांध्यापर्यंत होतं, पुढं नळी कोरी. टिळा मधोमध कापल्यासारखा.

"पूजा कुणी केली?"

"आईनं. दरसाली तीच करती. का वो?"

"काही नाही. छान केलीय."

आमच्या ठाण्याच्या मोठ्या साहेबांना दाखवलं तर ते हसले. "कुंकवावर केस उभी करता का आता?" मग स्वतःच सांध्यावरून बोट फिरवलं आणि गाडी काढायला सांगितली.

पंचांना घेऊन घरी गेलो. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. मी म्हणालो, "आई, पिस्तुलाला तुम्ही टिळा अर्धाच लावला?"

"अर्धा कशाला लावीन? देवाचं काम हाय. मधोमध लावलाय." ती उठली. "तवा ही बारकी नळी बसवली होती. नंतर म्हनला, देव्हाऱ्यामागं ठिव."

"आई, गप," मुलगा म्हणाला. तोवर नळी तिच्या हातात होती. पंचांसमोर ती पिस्तुलावर बसवली आणि टिळा पुरा झाला.

नळी तपासणीला गेली, गोळी तिच्यातलीच निघाली. परवाना एकाच कॅलिबरचा, म्हणजे एकाच मापाच्या गोळीचा होता, दुसरी नळी चोरून मागवलेली. लेथवाल्याची खबर देणारा फोन बागायतदाराच्याच ड्रायव्हरचा. गोळी आपणच झाडल्याचा जबाब देतानाही तो म्हणाला, "एका पिस्तुलात दोन पिस्तुलं. तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं हायत?"

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. मिरवायला घेतलेली वस्तू माणसाला लपवून ठेवता येत नाही. ती नळी गावाला दाखवायची सोय नव्हती, म्हणून त्यानं निदान देवापुढं मांडली. तेव्हापासून मी तपासात एवढंच शोधत आलो, की या माणसाला काय दाखवावंसं वाटत असेल.

लेथवाला सुटला त्यानंतर मी एकदा म्हातारीकडं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही.

"माझ्या टिळ्यानं पोरगा आत गेला व्हय?" तिनं विचारलं.

"एकाचा बाहेर आला, आई." मग डबा घेऊन बसलेल्या चाचांची सगळी गोष्ट मी तिला सांगितली.

तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "जेवला का शेवटी त्याचा बाप?"