बायजाबाईनं करवलेला पंचनामा

जरीपटका वस्तीच्या बाजारामागं लाकडाची टाल, म्हणजे वखार होती, तिथं बायजाबाई बाभळीचे ओंडके फोडायची. बाईच्या हाती कुऱ्हाड पाहून नवखं गिऱ्हाईक हसायचं, पण एकदाच. नवरा दारू पिऊन अंगावर आला तेव्हा तिनं त्याला उचलून असा आपटला, की तो बरगडी धरून जो नरखेडला बहिणीकडं गेला, तो संत्र्याच्या बागेची राखण करतच म्हातारा झाला.

तर त्र्याहत्तर सालच्या वैशाखात, भरदुपारी, शेजारच्या पार्वतीबाईची झोपडी पेटली. पार्वतीबाई विधवा, पदरी दोन पोरी, आणि दोघीही आत. बायजाबाईनं कुडाची भिंत लाथेनं पाडली आणि एकेक पोर एकेका बगलेत मारून बाहेर आली. तिचे केस होरपळले, पाठीवर टरारून फोड आले. पोरी वाचल्या. घरातला दाणा मात्र उरला नाही, की चिंधी उरली नाही.

अशा जळितांना तहसिलीतून तातडीनं जवारी, कपडा आणि छपराचे टिन मिळत. अट एकच. पटवाऱ्यानं येऊन जळालेलं डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनामा लिहायचा.

"उद्या साहेब येऊन राहिले," असा निरोप आला, आणि इथंच बायजाबाई चुकली. दारी साहेब येणार आणि त्याला काय उकिरडा दाखवायचा? तिनं बाया जमवल्या, राख उपसली, जळके वासे नाल्यात फेकले, जागा शेणानं सारवली आणि वर ठसठशीत रांगोळी घातली.

पटवारी आला आणि पाहतच राहिला. "इथं जळलं काय, बाई?"

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्या भैयाजीला भंगार टाकायला ती जागा केव्हाची हवी होती. तो पुढं सरला. "इथं झोपडी होतीच कुठं, साहेब? मोकळी जागा हाय. लिहा तसं."

पटवाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं. तसं लिहिलं गेलं असतं, तर पार्वतीबाईची मदतही बुडाली असती आणि जागाही.

"खोटं काहून बोलून राहिला गा?"

"पुरावा तं तूच नाल्यात टाकला वं! आता रांगोळी चाट."

पहिल्या बुक्कीतच भैयाजीचं नाक फुटलं. त्यानं लोखंडी नळी उचलून तिच्या उजव्या मनगटावर हाणली. हाड कटकन मोडलं, ते पटवाऱ्यालाही ऐकू आलं. बायजाबाईनं त्याच्या कपाळावर कपाळ आदळलं, डाव्या हातानं गचांडी धरली, त्याला फरफटत नेलं आणि नाल्याच्या कमरभर चिखलात ढकलून दिलं. स्वतःही उतरली.

"काढ वासे!"

तो तिच्या दंडाला चावला. तिनं कोपर असं मारलं की दात उडून थेट पटवाऱ्याच्या चपलेपाशी पडला. पटवारी भैयाजीच्या हातगाडीवर चढून बसला.

मग भैयाजी रक्त थुंकत एकेक जळका वासा वर फेकू लागला.

"मोज गा, मोठ्यानं!"

"पाच... सहा... सात, माय! अन् हा तवा!"

"लिहून राहिले नं, साहेब?"

"लिहून राहिलो, बाई, लिहूनच राहिलो!" पटवाऱ्यानं 'जळके वासे सात, तवा एक' असं लिहिलं. पुढं 'दात एक' लिहिलं आणि जरा विचार करून खोडलं.

पंचनाम्याची शाई वाळायच्या आत पोलीस आले आणि मारहाणीबद्दल बायजाबाईला घेऊन गेले. जाता जाता ती वळून म्हणाली, "पार्वते, कागदावर सही घे वं साहेबाची."

तिसऱ्या दिवशी मदत आली. टिन चढले, चूल पेटली, आणि त्या जवारीची पहिली भाकर फडक्यात बांधून पार्वतीबाईनं कोठडी गाठली. बायजाबाईचा हात सुजून भोपळा झालेला. पार्वतीबाईनं गजांतून घास भरवला. दाताखाली कचकन खडा आला.

"ही जवारी कोनं निवडली वं?"

"माही काय चूक? सरकारनंच तशी देल्ली."

बायजाबाई ताडकन उठली. "कुठं बसते थो सरकार?"