परस नसलेल्या घरात

माझे सासरे पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरं काढणारे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, ट्रकच्या मागची वाक्यं. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. बोटांच्या बेचक्यात कायम कुठला तरी रंग राहिलेला, आणि बोलणं अगदी मोजकं.

बस स्टँडच्या दारांचं काम कायम त्यांच्याकडे असे. तरुणपणी त्यांनी तिथं 'संडास' असं लिहिलं होतं. पुढे नवा साहेब आला आणि म्हणाला, हे फार उघडंवाघडं दिसतं. मग 'शौचालय' झालं. त्याच्यामागून आलेल्या साहेबाला तेही नको वाटलं, म्हणून 'प्रसाधनगृह'. मग तेही पुसून 'स्वच्छतागृह'. घरी आल्यावर ते हात धुता धुता सांगत, "दार तेच, तुटकी कडी तीच, वास तोच. शब्द नवा असला की थोडे दिवस बरा वाटतो. मग त्यालाही वास लागतो."

एवढं लिहिलं, पण घरात यातला एकही शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. "जरा जाऊन येतो," एवढंच म्हणायचे. सासूबाई हसायच्या. "जसं काही राजदरबारात बोलावणं आलंय!"

मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझं नि त्यांचं छान जमायचं. मी शिवणकाम करते. संध्याकाळी खिडकीशी मशीन चालायची आणि शेजारी ते ब्रश धूत बसायचे. दोघांनाही गप्प बसायला आवडतं, त्यामुळे भांडणाचं काही कारणच नव्हतं.

पुढे ते वाळत चालले. जेवण अर्ध्यावर आलं. जिना चढून आले की कठड्याला धरून उभे राहायचे आणि मग दारात यायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं आता." एक दिवस औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीवर भोवळ आली. खाली दुकानदार होता, त्याने सावरलं म्हणून हातपाय शाबूत राहिले. माझे यजमान त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी खच्चून भरलेल्या खोलीत विचारलं, "शौचाला रक्त वगैरे जातं का?" सासरे ताडकन म्हणाले, "छे!" रक्त कमी आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. विषय संपला.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. ते आपले आतले कपडे स्वतः धुवायला लागले होते. ज्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो भल्या सकाळी बादली घेऊन बसायचा आणि कुणी आलं की पाणी ओतून द्यायचा. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यावर मला फिकट तपकिरी डाग दिसला. शिवणकाम करणाऱ्या बाईला रक्ताचा डाग ओळखू येतो. सुई काही कमी वेळा बोटात जात नाही.

आता विचारायचं कसं? सासूबाई बहिणीकडे गेलेल्या. यजमान म्हणाले, "मी विचारलं, ते नाही म्हणाले." मी मशीनशी बसून मनातल्या मनात शब्द शोधत होते. 'संडास' म्हणजे दगड मारल्यासारखं. 'शौच' म्हणजे पुन्हा ती डॉक्टरांची खोली. पोरं म्हणतात तसं 'दोन नंबर' सासऱ्यांना कसं म्हणायचं? तेवढ्यात माझ्या आईचा शब्द आठवला.

मान वर न करता, शिवण ओढत ओढत मी विचारलं, "बाबा, परसाकडे जाता तेव्हा रक्त पडतं का?"

ते ब्रश पुसत होते. हात थांबला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि चक्क हसले.

"आपल्याला परस कुठाय गं?"

मीही हसले. मग खाली बघूनच ते म्हणाले, "पडतं. बरेच दिवस झाले. बरंच पडतं."

"कुणाला बोलला का नाहीत?"

"काय म्हणून बोलायचं?" ते म्हणाले. मला आधी वाटलं, कशाला बोलायचं असं म्हणतायत. मग कळलं, ते खरंच विचारत होते. कुठल्या शब्दात बोलायचं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मोठ्या इस्पितळात गेले. तपासण्या झाल्या. गाठ होती, अगदी खालच्या टोकाला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. गाठ काढता येईल म्हणाल्या, पण खालची वाट बंद करावी लागेल. पोटावर आतड्याचं तोंड काढायचं आणि त्याला पिशवी लावायची. कायमची.

ऑपरेशन नीट झालं. पण पिशवी पाहिली त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडले. नर्स पिशवी बदलायला आली की डोळे मिटून घ्यायचे. सासूबाईंनी समजावलं, "अहो, आपल्या पोरांचं काढताना मी कधी नाक मुरडलं का?" त्यावर ते म्हणाले, "ती पोरं होती."

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, पित्ताशयाचे पेशंट. शाळेत भाषा शिकवलेली. त्यांना बोलायला कुणी हवंच असायचं, आणि पाट्यांची हकिकत त्यांनी सासूबाईंकडून काढून घेतली होती. एका दुपारी ते म्हणाले, "पेंटर, तुम्ही दारांवर शौचालय लिहिलंत ना? शौच म्हणजे काय ठाऊक आहे?"

"आता ते काय सांगायला हवं?" सासरे भिंतीलाच म्हणाले.

"अहो, शुचि म्हणजे स्वच्छ, पवित्र. शुचिपणा म्हणजेच शौच. जुन्या पोथ्यांत शौच म्हणजे अंगाची नि मनाची शुद्धी. मलाचं नावही त्यात नाही. उरकून हातपाय धुवायचे, ते शौच. लाजून लाजून लोकांनी धुण्याचं नाव करण्याला दिलं. परसाकडे म्हणजे घरामागे. बहिर्दिशेला म्हणजे गावाबाहेर. कुणी जागा सांगितली, कुणी दिशा. काम काय ते कुणीच सांगितलं नाही!"

सासरे सावकाश या कुशीवर वळले. "म्हणजे मी दारादारांवर पावित्र्य लिहीत सुटलो होतो?"

"अगदी! तेही ऑइल पेंटमध्ये."

सासऱ्यांना हसू आवरेना. टाके दुखायला लागले म्हणून पोटावर उशी धरली, तरी हसत होते. मास्तरांनाही टाके होते, त्यांनीही उशी धरली. नर्स धावत आली. त्याच दिवशी पिशवी बदलताना सासऱ्यांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. नर्सला म्हणाले, "पिशवीला हे मापाचं भोक कापायचं काम माझ्याकडे द्या. गोल माझा चांगला येतो."

घरी आल्यावर सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. एकदा पिशवी सुटली, पलंगाची चादर भरली, आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. मी चादर धुतली. पण हळूहळू हात बसला. शिडीवरची कामं सोडली, घरी बसून पाट्या करायला लागले.

मग इस्पितळातून त्या नर्सचा फोन आला. एक भाजीवाला होता, नुकतंच ऑपरेशन झालेला. पिशवी भरू नये म्हणून खाणंच सोडलं होतं त्याने. तुम्ही येऊन बोलाल का? सासरे म्हणाले, "मी काय बोलणार?" पण शर्ट घालून तयार झाले. मी सोबत गेले.

तो माणूस पांघरूण ओढून पडला होता. सासरे स्टुलावर बसले, शर्ट वर केला आणि म्हणाले, "हे माझं." त्याने पांघरुणातून एक डोळा काढला. बराच वेळ पाहिलं.

"तुमच्या घरी याला काय म्हणतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"कशाला?"

"सकाळी जाता ना, त्याला."

तो अडखळला. "आमची म्हातारी म्हणायची, मोकळं होऊन ये."

"चांगला शब्द आहे. मग खायला लागा, नाहीतर मोकळं काय होणार?"

संध्याकाळी त्याने भात खाल्ला, असं नर्सने कळवलं.

त्यानंतर बोलावणं येतच राहिलं. त्यांची सुरुवात कायम त्याच प्रश्नाने व्हायची. कुणी 'झाड्याला' म्हणे, कुणी 'बाहेर', एक बाई नुसतंच 'तिकडे'. ज्याचा जो शब्द असेल त्यातच ते पुढचं सगळं बोलायचे. औषधं, खाणं, वास, झोप, आणि बायकोला वाटणारी किळससुद्धा. मी बाहेर बाकावर थांबायचे. आतून हसण्याचा आवाज आला की समजायचं, आता उठतील.

ऑपरेशननंतर बरीच वर्षं ते होते. प्रवासाला मात्र घाबरत, वाटेत पिशवी सुटली तर म्हणून. सासूबाई बहिणीकडे एकट्याच जाऊन येत. एका हिवाळ्यात स्वतःच म्हणाले, "मीही येतो." सासूबाईंनी पिशव्यांचा जादा जोड घेतला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि बसमध्ये वाटभर दर थोड्या वेळाने "पिशवी ठीक आहे ना?" विचारत राहिल्या. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं, मला बाहेरचं बघू दे."

मग खिडकीला डोकं टेकून झोपले ते थेट उतरायच्या वेळीच उठले.