पायल गुरुजींचा वर्ग

माझ्या सासऱ्यांनी मला शाळेत पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी भर वर्गात अंगठे धरून उभा होतो.

मी शाळेतला विद्यार्थी नव्हतो. शिक्षक होतो. अजूनही आहे. केळापूर तालुक्यातल्या एका तांड्यावर आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. आणि सासरे, म्हणजे आमचे मामाजी, हे वणीचे निवृत्त मुख्याध्यापक. ते वर्गात शिरले की पंखासुद्धा जरा हळू फिरतो, अशी त्यांची ख्याती होती.

आमची मनू तेव्हा सहाची होत आली होती. तिचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, यावर घरात युद्ध पेटलेलं. वैशालीला (म्हणजे माझ्या बायकोला) पांढरकवड्याची पिवळ्या बसवाली इंग्रजी शाळा हवी होती. मला मनू माझ्याच शाळेत हवी होती.

"तुमच्या शाळेत पोरं नुसती खेळतात," वैशाली म्हणाली.

"खेळता खेळताच शिकतात."

"मंग बाबाले येऊन पाहू द्या. ते म्हनतीन तसं."

मी कबूल झालो. मामाजी सोमवारी येणार होते. मी सोमवारसाठी एक देखणा पाठ तयार केला, फलक रंगवला, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. ते आले शनिवारी. (नंतर विचारलं तर म्हणाले, "तपासणी सांगून करत नसतात, जवाईबापू.")

आता पायलबद्दल सांगायला हवं. पायल दुसरीत होती. घरी सगळे बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारे. शाळेच्या पायरीपर्यंत तिची बडबड चारचौघांना पुरेल एवढी, आणि पायरी ओलांडली की तोंडाला कुलूप. जूनपासून दिवाळी उलटून गेली, तरी वर्गात तिनं एक शब्द काढला नव्हता. मी चित्रं दाखवली, गाणी म्हटली, बाहुल्या नाचवल्या, स्वतः नाचलो. (बाहुल्या बऱ्या नाचल्या.) तिची भाषा शिकायचा प्रयत्नही केला, पण माझी मजल 'याडी' म्हणजे आई आणि 'बाटी' म्हणजे भाकर, इथंच थांबली. पायल फक्त माझ्याकडे पाहायची. टक लावून, सगळा दिवस. पुढे कळलं की ती नोंद घेत होती.

त्या शनिवारी दप्तर नव्हतं, सोबतचे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, पहिली ते चौथी सगळी पोरं माझ्याच गळ्यात. मी हजेरीपट भरत होतो, एवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. खणखणीत, मराठी.

"बरं का लेकहो, आवाज बंद!"

मी खांबाआडून पाहिलं. पोरं शाळा-शाळा खेळत होती. आणि गुरुजी होती पायल. कानावर खडू. बोलण्याआधी तिनं फ्रॉक कमरेशी धरून वर ओढला. मी बोलण्याआधी पँट वर ओढतो, अगदी तसा.

पाच महिने मुकी असलेली पोर बोलत होती. ही संधी सोडायची नाही म्हणून मी हळूच पुढे झालो.

"मले घेता का खेळात?"

सगळी चिडीचूप. पायलनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दाखला आनला का?"

"नाई आनला."

"मंग आज खाली बस. सोमवारी आनजो."

मी सतरंजीवर बसलो. वर्ग आत हलवण्यात आला. पायल गुरुजींनी माझी खुर्ची घेतली आणि मला पहिल्याच फटक्यात उभं केलं.

"नवाचा पाढा म्हन."

मी म्हटला. नऊ सक चोपन्नपर्यंत गाडी झकास गेली. "नऊ साते... छप्पन्न."

(हे मी मुद्दाम चुकलो होतो. शिक्षक चुकला की पोरांची भीड चेपते, असं प्रशिक्षणात सांगतात. मी हे आजवर पुष्कळांना सांगितलं आहे, अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही.)

"त्रेसष्ट," पायल म्हणाली. एक शब्द न बोलता पोरीनं अख्खा पाढा पोटात साठवला होता. "अभ्यास काहून नाई केला? अंगठे धर."

मी वाकलो. माझ्या आणि माझ्या अंगठ्यांच्या मध्ये बरंच पोट आहे, त्यामुळे या कामाला वेळ लागला. शेवटी अंगठे हाती आले. माझी पाठ दाराकडे होती आणि दोन पायांच्या मधून मला दार उलटं दिसत होतं. त्या उलट्या दारात उलटी छत्री, उलटं धोतर आणि सगळ्यात खाली उलटे मामाजी उभे होते.

मी उठायला गेलो.

"ए, उठू नको," पायल गुरुजी म्हणाल्या. "मी म्हटलं का उठ?"

आणि मी अडकलो. उठलो तर इज्जत थोडीफार वाचेल, मनूची शाळाही वाचेल. पण मी उठलो की पुन्हा गुरुजी होणार, पायल पुन्हा पायल होणार, आणि ते कुलूप पुन्हा लागलं तर कधी उघडेल, देव जाणे. मी अंगठे घट्ट धरले. मामाजींना मनातल्या मनात नमस्कार केला. (वाकलेला होतोच.)

पायलचं दाराकडे लक्षच नव्हतं. तिनं डस्टर उचलून माझ्या फोनसारखं कानाला लावलं.

"हॅलो. हो, हो. आनतो ना. सांबार बी आनतो."

(आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती मी आणतो, हे मामाजींना कळायला माझी हरकत नव्हती. तिनं फोन तिथंच ठेवायला हवा होता.)

"येऊ दे तुह्या बाबाले," डस्टर पुढे बोलू लागलं. "पाहू दे काय पाह्यचं थे. त्याइच्या टाइमची छडीवाली शाळा आता नाई राह्यली म्हना."

माझं डोकं खालीच होतं, त्यामुळे रक्त आपोआप तोंडावर आलं. लाजायचे वेगळे कष्ट पडले नाहीत.

डस्टर खाली ठेवून पायल गुरुजींनी जांभई दिली. "बरं का लेकहो, मनातल्या मनात वाचा." मग हजेरीपट उघडून तोंडावर घेतला, मान मागे टाकली आणि घोरल्या. सगळा वर्ग शहाण्यासारखा गप्प बसला. सवयीनं. मामाजींना एकाच तासात जावयाचा सेवापट पानापानानं वाचायला मिळाला.

मग हजेरीपट खाली आला आणि तिला ते दिसले.

"तू कोन? काहून उशीर झाला?"

मला वाटलं, संपलं. मामाजींना त्यांच्या आईनंतर कोणी 'तू' म्हटलं नसावं. मग छत्री भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"एस्टी लेट झाली, मॅडम."

"मॅडम नाई. गुरुजी म्हन."

"एस्टी लेट झाली, गुरुजी."

"बस."

मामाजी माझ्या शेजारी सतरंजीवर बसले. दोन्ही गुडघे वाजले.

"आईले काय म्हन्ते?" पायलनं त्यांना विचारलं.

"आई."

"चूक. याडी." पायलनं फ्रॉक वर ओढला. "तांड्यावर राह्यतं आन् याडी येत नाई? चाल, अंगठे..." तिनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "जाऊ दे. म्हातारा हायेस. तू कान धर."

आणि वणीच्या कितीतरी पोरांचे कान ज्यांनी पिळले, त्या माणसानं निमूटपणे स्वतःचे कान धरले. "याडी," ते म्हणाले. "याडी, याडी."

"गुरुजी," त्यांनी मध्येच विचारलं, "हे अंगठे धराचं तुमाले कोनं शिकवलं? तुमचे गुरुजी करतात का असं?"

"नाई. आमचे गुरुजी मारत बी नाई," पायल म्हणाली. "माह्या बापानं सांगतलं. त्याच्या शाळेत होतं. म्हनूनच पळून गेलता तो."

मामाजींनी मान खाली घातली. कान मात्र त्यांनी सोडले नाहीत.

घंटा वाजली. पोरं भुर्रकन उडाली. मी कमरेवर हात ठेवून हप्त्याहप्त्यानं सरळ झालो. पायलनं कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन थांबली. तिनं मागे वळून पाहिलं.

"जाऊ का, गुरुजी?"

हे ती मला म्हणाली होती. खेळ संपल्यावर.

"जा बेटा," मी म्हणालो. मामाजी चष्मा पुसत होते. बराच मळला असावा.

माझ्या गाडीवर मागे बसून मामाजी पांढरकवड्यापर्यंत 'याडी, याडी' घोकत आले. घरी पोचताच वैशाली दारात.

"बाबा, पाह्यली शाळा? काय ठरवलं मंग?"

"मनूले तिथीच टाक. शिक्षक लय चांगला हाये."

माझी छाती फुगली. वैशालीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. (लग्नानंतर दुसऱ्यांदा.)

"दुसरीत शिकते," मामाजी म्हणाले. "पायल नाव हाये. आन् वैशाली, सांबार आनला का यायनं? सांगतलं होतं ना फोनवर?"

सांबार मी विसरलो होतो.

मनू जूनमध्ये माझ्या शाळेत आली. मामाजी मुक्कामाला आले की दर शनिवारी शाळेत येऊन सतरंजीवर बसत. पुढे पुढे पायलशी गोरबोलीत भांडण्याइतकी त्यांची प्रगती झाली. चौथी सुटताना पायल गुरुजींनी आपल्या वर्गाचा निकाल लावला. मनू पास. मामाजी पहिल्या नंबरात पास. माझ्या नवाच्या पाढ्याचा विचार करून मला मात्र त्यांनी त्याच वर्गात ठेवलं.

आज मनू आठवीत आहे, पायल दहावीत. मी अजून त्याच वर्गात आहे.