तीस हजार एकतीसला भाग जातो

एजुरा गावात दुफी मॅडमच्या रागाला कोणी भीत नसेल, तर ती बाजारातली बकरी. गणिताच्या तासाला फडकं कधी कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नसे, म्हणून पहिल्या बाकावर बसायला पोरं कां कूं करत. पण बाई खरी. चुकीच्या उत्तराला त्यांनी कधी, कुणाच्याही भिडेने, बरोबर म्हटलं नव्हतं.

यंदा त्यांच्या वर्गातली फ्रेमा जिल्ह्याच्या गणित-लढतीत अंतिम फेरीला पोचली. शाळेचे जुने विद्यार्थी ढोल घेऊन आले होते. परीक्षक होते ओपानिन बोआतेंग; ओपानिन म्हणजे तिथल्या बोलीत वडीलधारा. दुफी मॅडमसकट अर्ध्या तालुक्याला गणित शिकवलेले म्हातारे गुरुजी. शेवटचा प्रश्न असा: तीस हजार एकतीस ही मूळ संख्या की संयुक्त? फ्रेमाने कागदावर भागाकार मांडला आणि संयुक्त म्हणून सांगितलं, एकोणसाठने भाग जातो. गुरुजींनी उत्तर चूक ठरवलं आणि ढाल दुसऱ्या शाळेला गेली.

दोनपासून ओळीने मूळ संख्या घ्या, गुणाकार करा, एक मिळवा, की मूळ संख्याच हाती येते, असं गुरुजी जन्मभर शिकवत आले. सात, एकतीस, दोनशे अकरा, तेवीसशे अकरा, सगळ्या तशाच निघतात. तेरापर्यंत गुणत गेलं की तीस हजार एकतीस येतात आणि पहिल्यांदा गाडं घसरतं, पण तिथवर भागून बघतो कोण? बाबावाक्यं प्रमाणम्.

मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडीलधाऱ्याची चूक काढायची तर आधी माफी मागायची आणि मध्यस्थाच्या तोंडून बोलायचं, ही तिथली रीत. ती धाब्यावर बसवून त्या भर सभेत उठल्या.

"सर, एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ करा. जमत नसेल तर मी करून देते."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बजावलं, की रीतीप्रमाणे जिन दारूची बाटली घेऊन गुरुजींची माफी मागा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा. फ्रेमालाही आणा, असा गुरुजींचा निरोप होता.

गुरुजींच्या अंगणात गावची जाणती माणसं बसली होती. मॅडमनी बाटली पुढे ठेवली आणि दात-ओठ खात जिभेची माफी मागितली. भागाकाराची मागितली नाही. गुरुजी मध्यस्थाच्या कानाशी लागले.

मध्यस्थ म्हणाला, "ओपानिन विचारतात, मुलीचं आता काय म्हणणं आहे? ती संख्या मूळ आहे असं तिनं म्हटलं, तर बाटली घेऊ."

फ्रेमाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या मनात घरभाडं आलं, म्हातारी आई आली. त्या मूग गिळून बसल्या.

"मूळ आहे, आजोबा," फ्रेमा म्हणाली.

सगळे खूश झाले. बाटली उघडली, पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडले आणि पहिला पेला मॅडमच्या हाती आला. त्यांनी तो घशाखाली उतरवला.

वाटेत मात्र त्यांचा भडका उडाला. "एवढं शिकवलं ते यासाठी? तोंड वर करून खोटं बोललीस?"

"तुम्ही गप्प बसलात, मॅडम," फ्रेमा म्हणाली. "मला वाटलं, तेच उत्तर हवंय तुम्हाला."

मॅडमना संताप आवरेना, आणि या वेळी तो काढायला स्वतःखेरीज दुसरं कोणी नव्हतं.