दादाच्या बंदुकीचा दस्ता

दादाची बंदूक वाळवीने खाल्ली. म्हणजे लोखंड राहिलं, लाकडी दस्ता गेला. दादा फौजेत होता. ही त्याच्या वेळची जुनी फौजी बंदूक, नळीत शिसं ओतून कायमची बंद केलेली, नुसती भिंतीवर लावायची.

दादाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्याची उजवी बाजू लुळी आहे. तिकडे चिमटा काढला तरी कळत नाही. वाचाही गेली. खाटेवर पडून तो डाव्या हाताने सारखा भिंतीकडे दाखवायचा. एकदा वहिनीने बंदूक खाली काढली, तर दस्त्याचा भुगा तिच्या पदरात पडला. दादा रडला. माझा थोरला भाऊ, त्याला मी जन्मात रडताना पाहिला नव्हता.

पुतण्या मुंबईला असतो. फोनवर म्हणाला, "काका, इकडे एक जण मशीनवर बनवून देतो. अक्रोडाचं लाकूड, वर पॉलिश."

"मशीनवर तुझी टेबलं बनव," मी म्हटलं. "मी होड्यांचा सुतार आहे. भावाची बंदूक मीच करणार."

चौथीतून शाळा सुटली माझी, पण लाकडाची अक्कल मला कोणी शिकवू नये.

माळ्यावर फणसाची जाड फळी होती, कित्येक पावसाळे सुकलेली. ती वाकसाने तासली, मग पटाशीने आतला खाचा काढला. होडीचं काम सोपं, तिथे दोन फळ्यांत फट राहिली तर कापूस ठोकता येतो. इथे लोखंड नेमकं बसायला हवं. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी बोटाने चाचपत कोरत होतो. बंदरावरचा तांडेल रोज येऊन बसायचा.

"काय मिस्त्री, हिला शीड कुठे लावताव?"

"तुझ्या डोक्यावर. चल, ऊठ माझ्या फळीवरून."

दस्ता झाला. हातात घेतला की पिवळाधमक, गुळगुळीत. आता वाळवीचं काय? होडीला आम्ही काजूच्या टरफलांचं तेल लावतो. काळंकुट्ट, उग्र. किडा जवळ येत नाही. पावस गावच्या काजूवाल्याकडून मी ते आणलं आणि उघड्या हातांनी दस्त्याला चोळून चोळून जिरवलं. त्या तेलाने माणसाची कातडी भाजते हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझे तळवे चामड्यासारखे झालेत, त्यांना काही होत नाही. आणि होडीला कोण गाल लावतो?

दादाला उशीला टेकवून बसवलं. बंदूक मीच त्याच्या उजव्या खांद्याला लावली, तो तशीच धरायचा. त्याने मान कलती करून गाल दस्त्यावर ठेवला, डावा हात पुढे नळीखाली. अर्धं तोंड हसलं. वहिनी दारात उभी राहून डोळे पुशीत होती.

"भावजी, आज किती दिसांनी हसले हो."

दुपारभर त्याने बंदूक सोडली नाही. जेवला नाही, काढायला गेलो तर डाव्या हाताने मला ढकललं. मी बाहेर ओटीवर बसून मोठ्या तोऱ्यात पान खाल्लं.

सकाळी त्याचा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. खांद्यावर फोड. डॉक्टर म्हणाले, "हे भाजलंय. ह्यांना दुखलंच नाही, म्हणून एवढं झालं."

 

दस्ता मी काचेने खरवडला, रॉकेलने पुसला, पुन्हा खरवडला. मग माझ्याच दंडावर आतल्या बाजूला, कातडी मऊ असते तिथे, बांधून बघितला. फोड आला. तेल लाकडात पार आत गेलंय. दुसरा दस्ता करतो म्हटलं तर वहिनी म्हणाली, "नको. तुमच्या हातचं आता काही नको." मशीनवरचंही तिला नको. बंदूकच तिने गोणपाटात गुंडाळून गोठ्यात टाकली.

मी दादाला सांगितलं. हातवारे करून सांगितलं, तेल, भाजणं, सगळं. आरसा दाखवला. त्याने आरसा बाजूला सारला आणि रिकाम्या भिंतीकडे बोट केलं. त्याला दुखलेलंच नाही, तर त्याला पटावं कसं? त्याला वाटतं मीच देत नाही.

आता मी आत आलो की तो तोंड फिरवतो. मी थोडा वेळ खाटेशी बसतो आणि उठतो.